‘कळविण्यास खेद वाटतो’ : नकारपत्राच्या भाषेची चिकित्सा

दलित साहित्याच्या चर्चेत ‘नकार’ हा शब्द आपण इतक्या वेळा वापरला आहे की तो आता आपला घरचा शब्द झाला आहे. वर्णव्यवस्थेला नकार, दैववादाला नकार, प्रस्थापितांच्या सौंदर्यकल्पनांना नकार. हा नकार आपण दिलेला आहे. त्याच्यावर चर्चासत्रे झाली, प्रबंध झाले, परीक्षेत प्रश्न आले. मी स्वतः तो वर्गात शिकवतो. परंतु दुसराही एक नकार आहे. तो आपल्याला दिला जातो आणि टपालाने आपल्या घरी येतो. त्याला जावक क्रमांक असतो, दिनांक असतो, गोल शिक्का असतो, आणि त्याची भाषा अत्यंत सभ्य असते. या दुसऱ्या नकाराच्या भाषेकडे आपल्या समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. कचेरीचे पत्र म्हणजे काही वाङ्मय नव्हे, ही समजूत त्यामागे असावी. ज्या समाजाच्या कितीतरी घरांत पहिला लेखी मजकूर अर्ज आणि अर्जाचे उत्तर याच रूपाने शिरला, त्याने तरी ही समजूत बाळगू नये.

एक

माझी आई पेणला गणपतीच्या कारखान्यात माती मळायची, मूर्ती उन्हात ठेवायची, पावसाची सर आली की आत घ्यायची. वडील मिठागरावर जायचे. दोघांनाही अक्षरओळख नाही. मी एम. ए. झालो, सेट उत्तीर्ण झालो आणि जाहिराती पाहून अर्ज करू लागलो. एका संस्थेत मुलाखत देऊन आलो. महिन्याभराने पाकीट आले. माझ्या नावावर घरी आलेले ते पहिले टपाल. पाकिटावर नावाआधी ‘श्री.’ होते. पोस्टमनने त्या ‘श्री’सकट हाक मारली, तेव्हा ओट्यावर बसलेले वडील ताठ झाले. मुकादमाच्या वहीत त्यांचे स्वतःचे नाव कधी पुरते लिहिलेले नव्हते.

आई म्हणाली, “वाच की मोठ्यानं.” मी वाचले. मुलाखतीस उपस्थित राहिल्याबद्दल संस्था आपली आभारी आहे. आपल्या शैक्षणिक गुणवत्तेची समितीने प्रशंसा केली. तथापि तूर्त आपली निवड होऊ शकली नाही, हे कळविण्यास खेद वाटतो. आपल्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा.

आई लक्ष देऊन ऐकत होती. ‘आभारी’ तिला कळले, ‘शुभेच्छा’ कळल्या. मधले ‘तथापि’ तिला कळले नाही. तिने विचारले, “म्हणजे घेतलं ना तुला?”

मी म्हणालो, “नाही घेतलं.”

“मग आभार कशाचे मानतात?”

या पत्रावर याहून नेमकी समीक्षा मी आजवर वाचलेली नाही. पुढे अशी सात पत्रे आली. अक्षरे वेगळी, शिक्के वेगळे, मजकूर तोच.

दोन

या मजकुराचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. ‘निवड होऊ शकली नाही.’ या वाक्यात निवड न करणारा कुठे आहे? पाच माणसे टेबलाभोवती बसली होती, त्यांनी चहा घेतला, गुण मांडले, एका नावापुढे खूण केली आणि बाकीच्या नावांपुढे केली नाही. हे सगळे माणसांनी केलेले कृत्य आहे. पत्रात मात्र ती माणसे नाहीत. निवड जणू पावसासारखी आपोआप होते किंवा होत नाही. शिवाय ‘केली नाही’ असे न म्हणता ‘होऊ शकली नाही’ असे म्हटले आहे. म्हणजे करायची इच्छा होती, पण काहीतरी आडवे आले. काय आडवे आले ते सांगितलेले नाही.

‘कळविण्यास खेद वाटतो.’ कोणाला वाटतो? आईच्या मरणाचा खेद मला वाटतो, शेजाऱ्याच्या जळालेल्या घराचा खेद तुम्हाला वाटतो. खेदाला धनी लागतो. इथे खेद बिनधन्याचा आहे. ‘तूर्त’ हा शब्द तर फार विचारपूर्वक पेरलेला असतो. त्यामुळे नकार कायमचा वाटत नाही आणि होकाराची जबाबदारीही कोणावर राहत नाही. उमेदवार मात्र त्या एका ‘तूर्त’वर वर्षभर जगतो. आणि शेवटी ‘उज्ज्वल भवितव्य’. ज्याच्या हातात आपले भवितव्य थोडेफार उजळणे होते, त्यानेच ते आपल्याला परत करून शुभेच्छा द्याव्यात, यातली विसंगती लिहिणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. ज्यांच्या आजोबांना दारावरून ‘पुढं हो’ एवढेच ऐकावे लागले, त्यांच्या नातवाला ‘महोदय’ आणि ‘आपण’ म्हणावे लागते, हा बदल क्षुल्लक नाही. तो कोणाच्या मनाच्या मोठेपणामुळे झालेला नाही. संविधानामुळे, चळवळीमुळे, आपल्या माणसांनी खाल्लेल्या लाठ्यांमुळे झाला आहे. म्हणून सौजन्य नको, असे मी म्हणत नाही. माझ्या वडिलांनी ते पाकीट नोकरी नाकारणारे आहे हे कळल्यावरही टाकून दिले नाही. ‘श्री’ लिहिलेली बाजू वर करून ते पत्र्याच्या पेटीत ठेवले. माझा आक्षेप सौजन्याला नाही, सौजन्याच्या आड कारण लपविण्याला आहे.

कारण सांगितले तर उमेदवाराचे मन दुखावते, असा यावर युक्तिवाद केला जातो. मन सांभाळायचे म्हणून कारण गाळायचे. हा युक्तिवाद तपासण्यासाठी आपल्याच इतिहासातील दोन पत्रव्यवहार समोर ठेवू. एका पत्राने आपल्या माणसाने नकार दिला, दुसऱ्या पत्रव्यवहारात आपल्या माणसाला नकार मिळाला.

तीन

१८८५ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरणार होती. न्यायमूर्ती रानडे त्यात पुढाकार घेत होते. जोतीराव फुल्यांनाही बोलावणे गेले. जोतीरावांनी ते नाकारले, आणि त्यांचे पत्र ‘ज्ञानोदया’त छापून आले. हे पत्र आपण विद्रोहाचा दस्तऐवज म्हणून वाचतो. ते योग्यच आहे. मी ते सभ्य नकारपत्राचा नमुना म्हणूनही वाचावे असे सुचवतो. पत्राच्या आरंभी पत्र पोचल्याची पोच आहे, आनंद व्यक्त केला आहे. शेवटी सलाम आहे. म्हणजे शिष्टाचार पुरता पाळलेला आहे. आणि या दोन टोकांच्या मध्ये कारण आहे. जे लोक माणसांचे हक्क माणसांना मोकळेपणाने देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाही, हे ते कारण. ‘येऊ शकत नाही’ असे त्यात नाही. का येत नाही ते आहे. प्रकृती बरी नाही किंवा सवड नाही, असे लिहून जोतीरावांना सुटता आले असते. तसे झाले असते तर कोणाचे मन दुखावले नसते, आणि ते पत्र आज कोणाला आठवलेही नसते.

दुसरा व्यवहार १९३६ चा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद बाबासाहेबांना दिले. बाबासाहेब तिथे उमेदवार नव्हते, निमंत्रित होते, हा फरक ध्यानात ठेवू. त्यांनी भाषण लिहून छापायला दिले. मजकूर वाचून मंडळाचे लोक अस्वस्थ झाले. १४ एप्रिल १९३६ च्या पत्रात मंडळाच्या वतीने हरभगवान यांनी बाबासाहेबांविषयी आदर व्यक्त केला, आणि त्याबरोबरच भाषणातील वेदांवरचा व हिंदू धर्माच्या पायावरचा भाग गाळावा असे सुचवले. तसे होत नसेल तर परिषद पुढे ढकलावी लागेल, असाही सूर होता. हा नकारच होता, पण नकाराचा शब्द टाळलेला. जात तोडायला निघालेल्या सुधारकांनाही ‘आम्हाला तुम्ही नको’ हे वाक्य लिहिणे जड गेले.

बाबासाहेबांनी २७ एप्रिलला उत्तर दिले. स्वल्पविरामही बदलणार नाही, असे त्यांनी कळवले. परिषद पुढे ढकलण्याच्या भाषेआड जे होते ते त्यांनी उघड मांडले आणि अध्यक्षपदावरून स्वतःला मोकळे करून घेतले. त्या उत्तरात राग आहे, परंतु शिवी नाही. एकेका मुद्द्याला एकेक उत्तर आहे. त्यानंतर त्यांनी जे केले ते माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. ते न झालेले भाषण त्यांनी स्वतः पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले आणि हा सगळा पत्रव्यवहार त्याच्या आरंभी छापला. नाकारणाऱ्याने खासगीत, हळू आवाजात सांगितलेली गोष्ट त्यांनी वाचकांच्या न्यायासनासमोर ठेवली. पहिली आवृत्ती दीड हजारांची होती आणि ती दोन महिन्यांत संपली. नकारपत्र लपवायची लाज नाकारलेल्याला नसावी, हा त्यातला धडा आहे.

मन कोणाचे सांभाळले जाते, या प्रश्नाचेही उत्तर इथे मिळते. जोतीरावांच्या कारणासहित नकाराने समोरच्याला वाद घालायला जागा दिली. मंडळाच्या आदरयुक्त पत्राने मंडळाला स्वतःच्याच भूमिकेतून निसटायला जागा दिली. गोड नकार ऐकणाऱ्याचे मन सांभाळतो ही समजूत खोटी आहे. तो देणाऱ्याचे मन सांभाळतो.

चार

कारण लिहिण्याला एवढे महत्त्व का द्यायचे, हे समजून घ्यायला रायगड जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. महाड आपल्याच जिल्ह्यात आहे. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली बोले यांचा ठराव मंजूर केला. त्यानुसार महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर होकार मिळाला, तळ्यावर मात्र कोणी जाऊ शकत नव्हते. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबरात सवर्णांच्या वतीने काही जण न्यायालयात गेले. न्यायालयात मात्र नुसते ‘नाही’ म्हणून चालत नाही. तिथे कारण लिहून द्यावे लागते. त्यांनी ते लिहिले. तळे खासगी आहे, आणि अस्पृश्यांनी त्याचे पाणी न घेण्याची वहिवाट अनादी काळापासून चालत आली आहे. शेकडो वर्षे जो नकार विनाकारण चालला होता, त्याला पहिल्यांदा कारण द्यावे लागले. कारण कागदावर येताच ते तपासता आले. साक्षी झाल्या, पुरावे झाले. दहा वर्षे गेली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अंतिम निकाल दिला. ती वहिवाट सिद्ध झाली नाही. ते हरले.

यातून निघणारा सिद्धांत साधा आहे. कारणासहित नकाराला अपील असते, विनाकारण नकाराला अपील नसते. म्हणून कारण मागणे म्हणजे मन हलके करून मागणे नव्हे, तो हक्क आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या चौथ्या कलमात सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना द्यावीत असे म्हटले आहे. कायदा इतका स्पष्ट झाला, तरी आपल्या पत्रांचे गद्य आहे तिथेच आहे.

पाच

पत्र येणे हीसुद्धा आज चैन झाली आहे. आमचे विद्यार्थी शिकता शिकता धाटावच्या कारखान्यांत कंत्राटी पाळीवर जातात. पदवीनंतर ते ठिकठिकाणी अर्ज करतात आणि बहुतेक अर्जांना उत्तरच येत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास अशा न आलेल्या उत्तरांचाच आहे. वृत्तपत्रांतील ५४८ जाहिरातींना त्यांनी ४८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा, फक्त नाव-आडनाव वेगळे. मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता दलित नावाला सवर्ण हिंदू नावाच्या सुमारे दोनतृतीयांश होती, आणि मुस्लिम नावाला सुमारे एकतृतीयांश. ज्यांना बोलावणे आले नाही, त्यांना ‘तुमचे आडनाव आडवे आले’ असे कोणी लिहिले नाही. मौनाला व्याकरण नसते, आणि म्हणून त्याची चिकित्साही करता येत नाही. ती करायला हजारो अर्ज एकत्र मांडावे लागले.

दुसऱ्या टोकाला ‘योग्य उमेदवार उपलब्ध नाही’ हा शेरा आहे. राखीव जागांच्या मुलाखती दिलेल्या कोणालाही तो अपरिचित नाही. यात तर खेदही नाही. ‘योग्य’ म्हणजे काय, किती कमी पडले, कशात कमी पडले, हे त्या चार शब्दांत कुठेच नसते. मुलाखतीला माणसे आलेली असतात आणि कागदावर मात्र कोणीच उपलब्ध नसते.

सहा

इथपर्यंत मी दुसऱ्यांवर टीका केली. आता स्वतःकडे यायला हवे, नाहीतर या लेखाला अर्थ नाही.

मी आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो. सकाळच्या गाडीने पेणहून रोह्याला जातो, मराठी शिकवतो. गेल्या वर्षी तासिका तत्त्वावरच्या एका जागेसाठी मुलाखती झाल्या. न निवडलेल्यांना पत्रे लिहायचे काम माझ्याकडे आले. “तुम्ही भाषेचे सर, जरा गोड लिहा,” असे मला सांगण्यात आले. मी गोड लिहिले. आभार, प्रशंसा, तथापि, तूर्त, खेद, शुभेच्छा. सात पत्रे मला पाठ होती, आठवे लिहायला पाच मिनिटे लागली. लिहिताना मला आईची आठवण झाली नाही, हे मी लाजेने नमूद करतो.

उमेदवारांत एक मुलगी होती. रोहा तालुक्यातल्या एका आदिवासी वाडीवरची, घरातली पहिली पदवीधर. या वर्षी पुन्हा जाहिरात निघाली तेव्हा ती अर्ज घ्यायला आली. अर्ज हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, “सर, गेल्या वेळी मी कुठं कमी पडले? माझ्या बोलण्यामुळं का? का आम्ही वाडीवरचे म्हणून?”

मी फाईल काढून पाहिली. दोन्ही नव्हते. निवडलेल्या उमेदवाराकडे सेट होते, तिच्याकडे नव्हते. मुलाखतीत तिचे गुण चांगले होते. एवढे एक वाक्य मी पत्रात लिहिले असते तर तिने त्याच वर्षी सेटचा अर्ज भरला असता. मी ‘समितीच्या निकषांनुसार’ असे लिहिले होते. परिणामी एक वर्ष तिने आपली बोली सुधारण्यात घालवले. आरशासमोर उभी राहून ‘न’ आणि ‘ण’ म्हणत होती, असे तिनेच सांगितले.

विनाकारण नकार आपल्या समाजात कधी रिकामा राहत नाही. कारण लिहिले नाही की ऐकणारा स्वतः ते भरतो, आणि तो जातच भरतो. पिढ्यान्‌पिढ्या तेच कारण होते, तेव्हा त्याने दुसरे काय भरावे? कित्येकदा त्याचा अंदाज खरा असतो. कधी खरा नसतो. दोन्ही वेळा अन्याय होतो. खरा असेल तेव्हा कारण न लिहिल्यामुळे गुन्हेगार सुटतो. खरा नसेल तेव्हा माणूस आपल्या बोलीला, वाडीला, आईबापाला दोष देत बसतो. ‘मन दुखावू नये म्हणून’ लिहिलेल्या पत्राने त्या मुलीचे मन वर्षभर दुखवत ठेवले होते, आणि ते पत्र तिच्याइतक्याच पहिल्या पिढीतल्या पदवीधराने लिहिले होते.

या वर्षीची पत्रे मी वेगळी लिहिली. आपण मुलाखतीस आलात, आभारी आहोत. आम्ही आपली निवड केलेली नाही. जागा एक होती, निवडलेल्या उमेदवाराकडे सेट पात्रता आहे, आपल्याकडे ती अद्याप नाही. मुलाखतीत आपली विषयाची जाण चांगली दिसली, संदर्भग्रंथांचे वाचन कमी वाटले. आपले गुणपत्रक कार्यालयात पाहता येईल, आणि निर्णयावर आक्षेप असल्यास अमुक दिवसांत लेखी कळवावे.

मसुदा वर गेला. “असं लिहिलं तर लोक वाद घालतील,” असे उत्तर आले. मी म्हणालो, घालू देत, त्यासाठीच लिहिले आहे. बरीच चर्चा झाली. गुणपत्रकाचे वाक्य गेले, आक्षेपाचे गेले, वाचनाचेही गेले. ‘आम्ही निवड केलेली नाही’ याचे पुन्हा ‘होऊ शकली नाही’ झाले. सेट पात्रतेचे वाक्य तेवढे राहिले. पाच वाक्यांच्या भांडणात एक वाक्य मिळाले. पुढच्या वर्षी दुसऱ्यासाठी भांडायचे आहे.

जे मित्र शिक्षक आहेत, संस्थांत आहेत, निवड समित्यांवर आपला प्रतिनिधी म्हणून बसतात, त्यांनी हे भांडण आपापल्या ठिकाणी करावे. आपल्या संघटनांनी आणि आपल्या नियतकालिकांनीही करावे. नवीन मुलाची कविता आपणही ‘साभार परत’ एवढ्यावर पाठवतो, कार्यकर्त्याला ‘बघू, कळवतो’ म्हणून झुलवत ठेवतो. हे गद्य आपणही शिकलो आहोत.

आणि ज्यांना नकार मिळतो त्या विद्यार्थ्यांना एक सांगणे आहे. ती पत्रे फाडू नका. आपल्या आत्मकथनांनी भूक जपली, अपमान जपला, परंतु ही पत्रे फारशी कुठे दिसत नाहीत. ती आपण लाजेने चुलीत घातली. बाबासाहेबांनी आपल्याला आलेले पत्र छापले होते. माझी सात पत्रे आजही वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत, जातीच्या दाखल्याखाली आहेत. मी स्वतः लिहिलेले आठवे पत्र त्या मुलीकडे आहे. त्याची एक प्रत मी तिच्याकडून मागून घेतली आणि त्याच पेटीत ठेवली.